पेजमेकर लिनक्सवर: छापखान्यातल्या जुन्या फाइल्स सोडवायच्या कामाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो म्हणजे मधेच कुणी वाचलं तरी कळेल. काकांचा बार्शीत छापखाना आहे, ऑफसेटचा. पत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, गावातल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने काढलेली पुस्तकं, हे सगळं वर्षानुवर्षं पेजमेकरमध्ये (पानं रचायचं ॲडोबीचं जुनं विंडोज सॉफ्टवेअर) होत आलंय. त्या सगळ्या फाइल्स एका विंडोज एक्सपीच्या मशीनवर आहेत आणि त्या मशीनची हार्ड डिस्क आता आवाज करायला लागलीय. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. दुसरं मशीन विंडोज १० चं, त्याचाही याच महिन्यात १४ तारखेला संपला, आणि ते हार्डवेअर विंडोज ११ घेत नाही. म्हणजे एकतर नवीन मशीन घ्या किंवा आहे त्यावर दुसरं काहीतरी टाका.

मी काकांना म्हटलं लिनक्स टाकू, विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. ते म्हणाले, "टाक की, पण पेजमेकर चाललं पाहिजे, आणि तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते, तेव्हा मशीन अडकलेलं चालायचं नाही." एवढी एकच अट, पण सगळं काम त्या अटीतच आहे.

आज फक्त एक्सपीच्या डिस्कची पूर्ण कॉपी घेतली. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा वाचवणारा प्रोग्राम) चालवलं. साधी कॉपी-पेस्ट करू नये अशा डिस्कवर, एका खराब सेक्टरवर अडकली की तिथेच घासत बसते आणि तेवढ्यात उरलेली पण जाते. डीडीरेस्क्यू आधी सोपं सोपं उचलतं, खराब भाग शेवटी, आणि कुठवर आलं त्याची नोंद फाइलीत ठेवतं म्हणजे बंद पडलं तरी पुन्हा पहिल्यापासून नाही. पेजमेकरची मूळ सीडी कपाटात डब्यासकट मिळाली, सिरीयल नंबरसकट, तिचीपण इमेज काढून ठेवली.

२८ ऑक्टोबर २०२५

डेबियन १३ टाकलं, हा लिनक्सचाच एक प्रकार. त्यावर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवायला वाइन नावाचा प्रोग्राम लागतो, तो डेबियनच्याच रिपॉझिटरीतला (सॉफ्टवेअरच्या साठ्यातला) घेतलाय, १०.० आहे. पेजमेकर ३२ बिट आहे त्यामुळे आधी आय३८६ (म्हणजे ३२ बिटचं) आर्किटेक्चर जोडावं लागतं आणि मग वाइन३२ चं पॅकेज घालावं लागतं, हे विसरलं तर वाइन उघडतं पण जुनी एक्झी (प्रोग्रामची फाइल) चालत नाही आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत राहतो.

काका शेजारी बसले होते, त्यांनी विचारलं की हे आत विंडोजच चालतं का लपून. नाही चालत. व्हर्च्युअल मशीनमध्ये खरंच आख्खी विंडोज चालते, तिचं लायसन लागतं, रॅम लागते. वाइनमध्ये विंडोज नसतेच. पेजमेकरची एक्झी वाइन मेमरीत चढवतं, तिच्यातल्या सूचना प्रोसेसरवर थेट चालतात, आणि पेजमेकर जेव्हा म्हणतो "खिडकी काढ", "फाइल उघड", "या फॉन्टमध्ये हे अक्षर काढ" तेव्हा विंडोजच्या डीएलएल (तयार कोडच्या फाइली) ज्या नावाने ते काम करतात त्याच नावाच्या, पण वाइनवाल्यांनी स्वतः लिहिलेल्या डीएलएल ते काम लिनक्सकडून करून घेतात. म्हणून वेगही जवळपास तोच राहतो.

मग त्यांचा दुसरा प्रश्न, हे कायदेशीर आहे का. आहे. वाइनमध्ये मायक्रोसॉफ्टचा कोड नाही, १९९३ पासून लोक बाहेरून वागणूक बघून बघून ते लिहीत आलेत, १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार हा माणूस ते सांभाळतोय, आणि १.० व्हर्जन यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं. आणि पेजमेकर तर आपण विकत घेतलेलं आहे, डबा समोर आहे. काकांना ते १५ वर्षांचं फार आवडलं, त्यांनी ऑपरेटर ताईंना पण बोलावून सांगितलं.

३० ऑक्टोबर २०२५

पेजमेकरसाठी वेगळा प्रीफिक्स केला. प्रीफिक्स म्हणजे एक फोल्डर, त्यातच सी ड्राइव्ह, त्यातच रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्ज (साध्या टेक्स्ट फाइली असतात, सिस्टीम डॉट रेग, युजर डॉट रेग). सगळी सॉफ्टवेअरं एकाच डिफॉल्ट प्रीफिक्समध्ये टाकायची सवय लोकांना असते पण माझं स्पष्ट मत आहे की ज्यावर धंदा चालतो त्या सॉफ्टवेअरला स्वतःचा प्रीफिक्स द्यावा, कारण मग चालू झालं की तो फोल्डर झिप करून ठेवता येतो आणि उद्या काही बिघडलं तर परत उलगडला की झालं, इन्स्टॉल वगैरे काही नाही. खऱ्या विंडोजवर हे इतकं सोपं नव्हतं.

प्रीफिक्स ३२ बिटचा केला, वाइनकॉन्फिगमध्ये (वाइनच्या सेटिंग्जची खिडकी) व्हर्जन विंडोज एक्सपी ठेवलं. सीडीची इमेज माउंट करून सेटअप चालवला, सिरीयल टाकला, झालं इन्स्टॉल. उघडलं पण. पॅलेट्स मात्र मुख्य खिडकीच्या मागे जाऊन हरवत होते, स्टाइल्सचा पॅलेट तर सापडेचना. त्यावर उपाय वाइनकॉन्फिगमध्येच आहे, ग्राफिक्सच्या टॅबमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप चालू करायचा, म्हणजे पेजमेकर स्वतःच्या एका चौकटीत राहतो आणि पॅलेट बाहेर पळत नाहीत. ताईंना ते जास्त बरं वाटलं, म्हणाल्या, "दादा, हे तर आपल्या जुन्या मशीनसारखंच दिसतंय."

वाइन आपोआप झेड ड्राइव्ह जोडतं आणि तो म्हणजे लिनक्सचा आख्खा रूट. तो काढून टाकला. छापखान्यात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येतात आणि त्यांत काय काय असतं ते छापखानेवाल्यांनाच विचारा. झेड काढला म्हणजे पूर्ण सुरक्षा झाली असं नाही, वाइन हे काही सँडबॉक्स (प्रोग्रामला कोंडून ठेवणारी जागा) नाही, वाइनमधला प्रोग्राम ठरवलं तर थेट लिनक्सशी बोलू शकतो, म्हणून पेजमेकर चालवायला वेगळा युजर केला आणि त्याला नेटवर्क दिलं नाही.

१ नोव्हेंबर २०२५

आज खऱ्या फाइल्स. पहिली फाइल उघडली आणि पॅनोजचा (नसलेल्या फॉन्टला जवळचा फॉन्ट सुचवणारा) डायलॉग आला, हा फॉन्ट नाही त्याऐवजी तो वापरू का म्हणून. अपेक्षित होतं. एक्सपीच्या फॉन्ट फोल्डरमधल्या सगळ्या मराठी फॉन्टच्या टीटीएफ फाइली प्रीफिक्समधल्या विंडोज\फॉन्ट्स मध्ये टाकल्या. मुद्दाम लिनक्सच्या फॉन्ट फोल्डरात टाकल्या नाहीत, कारण हे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या आणि त्यावरच्या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले आहेत, ते सगळीकडे दिसायला लागले तर उगाच दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने इंग्रजीसाठी उचलायचे. एरियल, टाइम्स न्यू रोमन वाइनट्रिक्समधून (वाइनमध्ये जादा भाग घालणारी स्क्रिप्ट) कोअरफॉन्ट्स म्हणून घातले, पत्रिकांवरचे फोन नंबर आणि इंग्रजी नावं त्यात आहेत.

परत उघडलं. अर्धं मराठी आलं, अर्धं गेलं. क, ग, त बरोबर आणि जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काही मात्रा यांच्या जागी डबे आणि प्रश्नचिन्हं. यात एक नियम दिसला: जे आस्कीच्या (इंग्रजी अक्षरांचे जुने कोड) १२८ च्या आत आहे ते सगळं येतंय, वरचं सगळं जातंय.

कारण लोकेल, म्हणजे मशीनला सांगितलेली भाषा. ताईंसाठी डेस्कटॉप मराठीत ठेवलाय, आणि वाइन कुठलं जुनं कोडपेज (कुठला कोड म्हणजे कुठलं अक्षर त्याचा तक्ता) धरायचं ते लिनक्सच्या लोकेलवरून ठरवतं. आता विंडोजमध्ये मराठीला असं जुनं (ऍन्सी) कोडपेज नाहीच, मराठी तिथे आली ती युनिकोडमधूनच. आणि हे फॉन्ट बनले ते त्याच्या आधीच्या जगात, जिथे मशीनला वाटायचं आपण पश्चिम युरोपातली कुठलीतरी भाषा दाखवतोय, कोडपेज १२५२, आणि पडद्यावर मात्र मराठी उमटायची. मराठी नीट दिसायला मशीनला मराठी सांगायचं नाही, हे थोडं विचित्र आहे खरं पण त्या काळात ज्यांनी हे जमवलं त्यांच्यामुळेच तालुक्यातालुक्यात डीटीपी (कॉम्प्युटरवरची जुळणी) उभं राहिलं, मराठी टायपिंगची श्री-लिपी काय, आयएसएम काय, खिळ्यांच्या जुळणीतून बाहेर पडून लोक कॉम्प्युटरवर आले ते याच युक्तीवर. मला त्या लोकांबद्दल आदर आहे.

पेजमेकर चालू करायची छोटी स्क्रिप्ट केली, त्यात एलसी_ऑल (लोकेल ठरवणारं सेटिंग) हे अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ वर ठेवलं, बाकी डेस्कटॉप मराठीच. सगळी अक्षरं जागेवर आली. ऱ्या, ह्या, रफार, सगळं.

४ नोव्हेंबर २०२५

चित्रांच्या लिंका. पेजमेकर चित्र फाइलीच्या आत घेत नाही मोठं असलं तर, पत्ता लक्षात ठेवतो, आणि आमचे सगळे पत्ते डी ड्राइव्हवरचे. लिंक्स मॅनेजरमध्ये एकेक जोडत बसलो असतो तर संक्रांत आली असती. प्रीफिक्समध्ये डॉसडिव्हायसेस नावाचं फोल्डर असतं, त्यात डी कोलन नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) करून ती जुन्या डीच्या कॉपीवर वळवली, एवढंच. लिनक्सला लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक कळतो आणि विंडोजला कळत नाही, पण वाइन ते स्वतः सांभाळून घेतं, त्यामुळे फोल्डरची नावं कशीही लिहिलेली असली तरी सापडली. गणपतीचे सगळे ईपीएस (चित्रांच्या फाइली) आले.

पेजमेकर ६.५ च्या फाइली, म्हणजे पी६५ वाल्या, आमच्या पेजमेकर ७ मध्ये उघडल्या की अनटायटल्ड म्हणून उघडतात, मूळ फाइलीला हात लागत नाही. ताईंना सांगून ठेवलंय की नवीन नावानेच सेव्ह करायचं, जुनी आहे तशी राहू द्यायची.

८ नोव्हेंबर २०२५

छपाईवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच पाहिजे होता, कारण पडद्यावर दिसणं हा छापखान्यात काही उपयोगाचा मुद्दा नाही.

पेजमेकरचं असं आहे की तो पान रचतानाच प्रिंटर विचारात घेतो. डॉक्युमेंट सेटअपमध्ये "कंपोज टू प्रिंटर" असतं, तिथे जो प्रिंटर आणि जे रेझोल्युशन असेल त्यावर ओळी मोजल्या जातात, म्हणून प्रिंटर बदलला की कधीकधी ओळ तुटायची जागा बदलते आणि स्मरणिकेत एका पानावरचा शेवटचा शब्द पुढच्या पानावर. वाइनला प्रिंटर दिसतात ते कप्समधले (लिनक्सची छपाईची व्यवस्था). म्हणून आधी कप्समध्ये लेझर प्रिंटर नीट बसवला, डिफॉल्ट केला, मग पेजमेकर उघडला. सगळ्या जुन्या फाइलींना एकच प्रिंटर ठेवायचा ठरवलं आणि तसं भिंतीवर लिहून लावलंय.

वाइन प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) पाठवतं. पेजमेकरच्या आरएसआरसी फोल्डरात पीपीडी४ नावाचं फोल्डर आहे, त्यात आपल्या प्रिंटरची पीपीडी (प्रिंटरची माहिती देणारी फाइल) टाकली की प्रिंट डायलॉगमध्ये ती निवडता येते आणि मग कागदाचे माप, मिरर, निगेटिव्ह सगळं मिळतं. मिरर आम्हाला लागतोच, बटर पेपरवर उलटं काढून त्यावरून प्लेट होते.

पहिली प्रिंट साध्या कागदावर काढली आणि जुन्या मशीनवरच्या प्रिंटवर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले. काकांची ही पद्धत, उजेडात दोन कागद एकावर एक, अक्षर कुठे हललं तर लगेच दुहेरी दिसतं. पत्रिका तंतोतंत. पावतीपुस्तकात उभ्या रेघा किंचित बारीक आल्या, रेघेची जाडी हेअरलाइन होती ती अर्धा पॉइंट केली. अहवालात एका तक्त्यात एक ओळ सरकली, तिथे इंग्रजी आकड्यांचा फॉन्ट बदली गेला होता, मूळ फॉन्ट शोधून टाकला.

पीडीएफसाठी पेजमेकरबरोबर डिस्टिलर (पीडीएफ करणारा प्रोग्राम) येतो पण तो टाकलाच नाही. पोस्टस्क्रिप्ट फाइलीत प्रिंट करायचं आणि घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करायची, लिनक्सवर ते असतंच. पीडीएफफॉन्ट्स कमांडने बघितलं तर सगळे फॉन्ट आत बसलेत. म्हणजे ही पीडीएफ आता सोलापूरला पाठवा, पुण्याला पाठवा, समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी मराठी तशीच दिसणार. कॉपी करून पेस्ट केलं तर मात्र कचरा येतो, कारण आत युनिकोड नाहीच. त्याचं पुढे बघू.

बिल्ड बुकलेट (पुस्तिकेची पानं छपाईच्या क्रमाने लावणारं साधन) चाललं! हे मला वाटलं नव्हतं, तो वेगळा प्लग-इन आहे, पण युटिलिटीजमधून नीट उघडला आणि १६ पानी फर्मा बरोबर लावून दिला.

१३ नोव्हेंबर २०२५

आता अवघड भाग. मराठी टायपिंगचं जे सॉफ्टवेअर आहे, (नाव लिहीत नाही, कंपनीची तक्रार करायची नाहीये), ते हार्डवेअर लॉकवर चालतं. मागे पॅरलल पोर्टला लावायचा तो डोंगल. नवीन मशीनला पॅरलल पोर्ट नाही. यूएसबीवरून पॅरलल करणाऱ्या ज्या केबली मिळतात त्या प्रिंटरपुरत्या असतात, खरा पोर्ट त्या देत नाहीत. आणि पोर्ट असता तरी वाइनमध्ये अडलंच असतं, कारण त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) बसायला बनवलाय आणि वाइनखाली विंडोजचा कर्नल नाही, लिनक्सचा आहे. वाइनची हद्द इथे संपते.

कुलूप तोडणारे पॅच नेटवर फिरतात. त्या वाटेला जायचं नाही असं मी आणि काकांनी आधीच ठरवलंय, एक तर ते बरोबर नाही आणि दुसरं म्हणजे अशा फाइलींतूनच मशीनला रोग लागतो.

पण थोडं शांतपणे बघितलं तर लक्षात येतं की कुलूप आहे ते टायपिंगला. फॉन्ट मोकळे आहेत, विकत घेतलेले आहेत, जुन्या फाइली उघडायला आणि छापायला त्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. नवीन मजकुरासाठी तर अजिबात नाही, ते युनिकोडमध्येच करायचं. अडतं फक्त कुठे, तर जुन्या पत्रिकेत नाव-तारीख बदलायची, अहवालात दोन ओळी घालायच्या, तिथे.

१६ नोव्हेंबर २०२५

त्या दोन ओळींसाठी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहितोय. ताई लिनक्सवर इनस्क्रिप्टमध्ये (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) युनिकोड मराठी टाइप करतील आणि स्क्रिप्ट ते आमच्या मुख्य फॉन्टच्या कोडमध्ये बदलून देईल. फॉन्ट फाँटफोर्जमध्ये (फॉन्ट उघडून बघायचा प्रोग्राम) उघडून कुठल्या खणात कुठला तुकडा आहे त्याचा तक्ता केला. हे तक्ते प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून एका फॉन्टचा दुसऱ्याला चालत नाही.

नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही. युनिकोडमध्ये आपण जसं बोलतो तसा क्रम असतो, या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसा. "किल्ला" मधली वेलांटी क च्या आधी टाकायची. "धर्म" मधला रफार युनिकोडमध्ये म च्या आधी येतो, इथे म झाल्यावर, आणि "धर्मा" असेल तर कान्याच्याही नंतर. "वार्षिक" मध्ये दोन्ही एकदम, वेलांटी ष च्या आधी नेऊन ठेवायची आणि रफार ष च्या नंतर, आणि पतसंस्थेच्या अहवालात तर पहिल्याच पानावर "वार्षिक" असतं. शिवाय "दुसऱ्या", "पुढाऱ्यांचा" मधला तो अर्धा ऱ, त्याला फॉन्टमध्ये वेगळा खण आहे. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यात फरक आहे आणि पंगतीच्या पत्रिकेत तो चुकला तर गावभर चर्चा होते.

१९ नोव्हेंबर २०२५

स्क्रिप्ट चालते पण पेस्ट केल्यावर अर्धा श कायम गायब. बाकी सगळं येतं. कोडपेज १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, सोळाच्या मापात ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. आमच्या फॉन्टवाल्यांनी अर्धा श त्यांतल्याच एका जागी ठेवलाय. क्लिपबोर्डवरून मजकूर युनिकोड होऊन जातो आणि परत १२५२ होऊन पेजमेकरमध्ये उतरतो, त्या वळणावर ज्याला नाव नाही ते अक्षर गळतं.

म्हणून क्लिपबोर्डच सोडला. स्क्रिप्ट आता थेट बाइट्सची टेक्स्ट फाइल लिहिते, ताई कंट्रोल-डी दाबून ती पेजमेकरमध्ये प्लेस करतात, फॉन्ट लावतात. मधे कुणी भाषांतर करायला नाही. "श्री", "अश्विनी", "विश्वस्त", "शुभेच्छुक" सगळं आलं. ताईंनी लगेच एका पत्रिकेचं काम त्यावरच केलं, मी घरी निघालो होतो, मला फोन करून सांगितलं की प्रूफ पास झालं.

३० नोव्हेंबर २०२५

गर्दीचे दिवस आहेत, जास्त लिहायला वेळ नाही. मशीन रोज चालतंय. मोठी स्मरणिका सेव्ह करताना एकदा पेजमेकर अडकला, वाइनसर्व्हर कमांडला "के" देऊन बंद केला, परत उघडल्यावर फाइल शाबूत होती. प्रीफिक्सची झिप रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जाते.

१४ डिसेंबर २०२५

आता मला ज्यासाठी हे सगळं करायचं होतं ते. छापखान्यात एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक आहे, बार्शी आणि आसपासच्या गावांच्या आठवणी, यात्रा, पेठा, जुने वाडे, दुष्काळ. फार थोड्या प्रती निघाल्या होत्या. गुरुजी आता नाहीत. घरच्यांकडे एक प्रत आहे तिची पानं सुटलीत. आणि पेजमेकरची फाइल आपल्याकडे. फाइल वाइनमध्ये उघडली, पानंच्या पानं स्वच्छ आली, तेव्हा काका बराच वेळ वाचतच बसले.

पीडीएफ दिली घरच्यांना. पण पीडीएफमध्ये शोधता येत नाही, "भगवंत" टाकलं तर काही सापडत नाही, कारण आतून तो मजकूर मराठी नाहीच. म्हणून स्क्रिप्ट उलटी फिरवली. पेजमेकरमधून मजकूर टेक्स्ट म्हणून एक्सपोर्ट करायचा, बाइट्स वाचायचे, तक्ता उलटा लावायचा, वेलांटी अक्षरानंतर न्यायची, रफार अक्षराच्या आधी आणायचा. उलट दिशेला काम जास्त नाजूक आहे, कारण ऑपरेटर लोकांनी त्या काळी अक्षर नीट दिसेपर्यंत काय काय जोडलेलं असतं, दोनदा मात्रा, काना वेगळा आणि मात्रा वेगळी करून केलेला ओकार, अनुस्वार आधी मग वेलांटी. कागदावर सगळं सारखंच दिसतं. या प्रत्येकाला एकेक नियम लिहावा लागतोय.

११ जानेवारी २०२६

पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्ये आला. ताई आणि गुरुजींची नात, दोघी मिळून प्रूफ वाचतायत, एक मोठ्याने वाचते आणि दुसरी छापील प्रतीवर बोट ठेवते. चुका निघतात त्या बहुतेक जोडाक्षरांच्या, एक नियम दुरुस्त केला की पुस्तकभर दुरुस्त होतात.

नवीन मांडणी स्क्रायबसमध्ये (लिनक्सवरचं पानं रचायचं मोफत सॉफ्टवेअर) करायची, १.६ घेतलंय, देवनागरीची जोडाक्षरं त्यात नीट येतात (जुन्या १.४ मध्ये येत नव्हती, ते टाळायचं). जुनं काम पेजमेकर आणि वाइनवर, नवीन सगळं स्क्रायबस आणि युनिकोडवर, अशी वाटणी ठरलीय.

पुढचं: दुसऱ्या दोन फॉन्टचे तक्ते करायचेत, एकात शाळेच्या स्मरणिका आहेत आणि एकात वाचनालयाचे अहवाल. एक्सपीचं मशीन फेकायचं नाही, डोंगल त्याच्याच मागे राहू दे, नेट न जोडता. काकांनी शेजारच्या दोन छापखान्यांना सांगितलंय, त्यांच्याकडेही अशाच डिस्का आहेत. त्यांना निरोप दिलाय की आधी डिस्क माझ्याकडे आणा, मशीन चालू करून बघत बसू नका.